रात्री दीड वाजता, सोनेगाव

स्वेटर घालून या. नागपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातलं रखरखीत ऊन येतं, पण आपण चाललोय 1950 च्या जानेवारीत, मध्यरात्र उलटल्यावर, शहराबाहेरच्या उघड्या माळावर. वर्धा रोडवर तुमच्या ओळखीचं आत्ता काहीच नाही. मेट्रोचे खांब नाहीत, उड्डाणपूल नाहीत, हॉटेलांच्या पाट्या नाहीत. अजनी मागे पडली की रस्त्यावर फक्त तुमचा टांगा आणि अंधार. टांगेवाल्याने परतीचंही भाडं आधीच घेतलंय, कारण या वेळी सोनेगावहून परतायला दुसरी सवारी त्याला मिळायची नाही.

फाटकाच्या आत शेकोटी पेटलेली आहे. कानाला मफलर गुंडाळून सात-आठ हमाल तिच्याभोवती उकिडवे बसलेत. तुम्हीही हात शेकायला बसता. कुणी काही विचारत नाही. युद्धाच्या काळात डागडुजी केलेल्या बैठ्या इमारतींच्या एका खिडकीत उजेड आहे, आणि तिथून बिनतारी यंत्राची कटकट अधूनमधून ऐकू येते.

"दिल्ली येऊन राह्यली," एक म्हातारा हमाल विडी विझवत म्हणतो.

तुम्ही कान टवकारता. काही नाही. रातकिडे, आणि लांब रेल्वेची शिटी.

"तुम्हाला कसं कळलं बाबा?"

"रोजचंच आहे न जी. थांबा थोडं."

मिनिटभराने तुम्हालाही ऐकू येते ती घरघर. उत्तरेकडे एक तारा इतर ताऱ्यांपेक्षा खाली आहे आणि हळूहळू सरकतोय. शेकोटीजवळची माणसं उठतात, पंचे झटकतात, ढकलगाड्यांच्या दांड्या धरतात. इथे विमानाला कुणी विमान म्हणत नाही. दिल्ली उतरते, मद्रास उतरते, मुंबईला उशीर होतो, कलकत्त्याचा आज पत्ता नसतो. चार शहरं एका माळावर रात्री भेटायला येतात, आणि त्यांचं सामान उतरवायला ही आठ माणसं पुरतात.

डकोटा जवळून पाहा. युद्धातून उरलेली ही विमानं या वर्षांत देशात जिकडेतिकडे आहेत. दोन पंखे, फुगीर पोट, आणि शेपटीखाली एक छोटंसं चाक. जमिनीवर उभी राहिली की ती नाक वर करून बसते. त्यामुळे आतली जमीन उताराची असते: दार मागे, डाव्या अंगाला, आणि तिथून वैमानिकाच्या खोलीकडे सरळ चढण. हमालाच्या दृष्टीने या विमानाबद्दल महत्त्वाचं ते एवढंच. थैल्या उतरवताना वरून सोडल्या की दारापर्यंत आपसूक घसरत येतात, पण चढवताना प्रत्येक थैली छातीशी कवटाळून, वाकून, वर न्यावी लागते, आणि जड माल पुढेच ठेवावा लागतो. मागे जास्त वजन झालं तर उड्डाण करताना शेपूट उचलत नाही. हे शास्त्र इथे कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. एक पोरगा दारातच दोन थैल्या टाकून वळतो, तेव्हा म्हातारा ओरडतो, "समोर नेऊन टाक बे! मद्रासपर्यंत शेपूट घासत जाईल का ते?"

इंजिन बंद झालेलं असलं तरी गरम तेलाचा वास आणि तापलेल्या धातूची टिकटिक चालू आहे. टपाल खात्याचा माणूस कंदील घेऊन दाराशी उभा राहतो. हातात यादी, कानावर पेन्सिल. प्रत्येक थैलीचं तोंड सुतळीने आवळलेलं, गाठीवर लाख, लाखेवर शिक्का, आणि गळ्यात पत्त्याची चिठ्ठी. त्याचं काम थैली उघडण्याचं नाही. लाख शाबूत आहे का, चिठ्ठीवरचं गाव यादीत आहे का, आणि थैली योग्य ढिगात पडली का, एवढंच तो पाहतो. पत्रांची वाटणी आधीच झालेली आहे, मुंबईत, दिल्लीत, संध्याकाळच्या दिव्याखाली. मुंबईच्या विमानात तीन ढीग: दिल्लीचा, कलकत्त्याचा, मद्रासचा. तसेच बाकी तिघांत तीन-तीन. एकूण बारा ढीग, आणि या बारा ढिगांची अदलाबदल दोन-अडीच तासांत, कंदिलाच्या उजेडात, एकही थैली न चुकता व्हायची आहे. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात चढली, तर ती चुकली हे कळायला पहाट उजाडते आणि तोवर ती मद्रासपासून हजारभर मैल दूर गेलेली असते.

त्यातल्या एका थैलीत समजा गिरगावातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा कलकत्त्याला नोकरीला. तिने ते काल दुपारी पेटीत टाकलं. रेल्वेने गेलं असतं तर मुंबई-कलकत्ता मेल याच नागपूरवरून दोन रात्रींचा प्रवास करत त्याला घेऊन गेली असती. आता ते आज सकाळी हावड्याच्या पुलापलीकडे पोचेल. आणि त्यासाठी तिने वेगळं हवाई तिकीट लावलेलं नाही, कारण 1949 च्या एप्रिलपासून देशातली साधी पत्रं जादा पैसे न घेता विमानाने न्यायची असं सरकारने ठरवलंय. आपलं पत्र आकाशातून गेलं हे त्या आईला बहुधा माहीतही नसेल.

चौथं विमान अजून आलेलं नाही. कलकत्ता. बाकीची तिन्ही थैल्या बदलून तयार आहेत, आणि आता खरी अडचण सुरू होते. थांबायचं की सोडायचं? थांबलं तर चारही शहरांचं सकाळचं टपालवाटप उशिरा. सोडलं तर बंगाल आणि आसामकडची सगळी पत्रं एक दिवस मागे, आणि तिकडे जाणाऱ्या थैल्या इथे पडून. बिनतारीवाल्याला कलकत्त्याचा आवाज मिळालाय, विरुद्ध वाऱ्यामुळे उशीर आहे म्हणतात. वैमानिक चहा पितात. एकजण हमालांच्या शेकोटीशी येऊन पाठ शेकतो. प्रवासीही आहेत थोडे, टपालाबरोबर रात्रीचा प्रवास करणारे. त्यांतला एक कोट घालून खुर्चीतच घोरतोय.

हे सगळं नागपुरातच का, हे तुम्हाला विचारावंसं वाटेल. नकाशा घ्या. इथून मुंबई सुमारे 700 किलोमीटर, दिल्ली 850, मद्रास 900, कलकत्ता 975. डकोटाला प्रत्येकीकडे जायला तीन-साडेतीन तास. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग होतात, दोन्ही बाजूंनी मिळून रात्रीची बारा उड्डाणं, आणि तीही लांब पल्ल्याची. नागपूरला भेटायचं ठरवलं की चार विमानांत काम भागतं. रात्री नऊ-दहाला घरून निघा, मध्यरात्रीनंतर माल बदला, उजाडायच्या आत मुक्कामी पोचा. दिवसा वापरायला विमानं मोकळी, आणि टपालाला रात्र वाया जात नाही. सोपा हिशेब आहे, पण तो आधी कुणीतरी करावा लागतो.

तो कलकत्त्याचा तारा दिसला. म्हातारा पुन्हा उठलाय.

आपण जरा मागे जाऊ. ही धावपट्टी कुणी टपालासाठी बांधलेली नाही.

1917-18. पहिलं महायुद्ध. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरसाठी इथे विमानं उतरायची जागा तयार होते. एप्रिल 1918 मध्ये ती सेना रॉयल एअर फोर्स होते, तेव्हा जागेचा मालकही कागदावर बदलतो. तुम्ही इथे फार वेळ थांबू नका, पाहण्यासारखं काही नाही. एक माळ, आणि पावसात चिखल होणारी, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडणारी विदर्भाची काळी माती.

दुसऱ्या महायुद्धात मात्र जागेला महत्त्व येतं. जपानी सैन्य ब्रह्मदेशात पोचल्यावर पश्चिमेकडून पूर्वेच्या आघाडीवर जाणाऱ्या विमानांना मध्ये कुठेतरी उतरून पेट्रोल घ्यावं लागतं. सोनेगाव हा असा वाटेतला थांबा. जुन्या इमारती नीट केल्या जातात. त्या काळच्या हवाई तळांवर रात्री विमान उतरवायचं तर धावपट्टीच्या कडेने रॉकेलचे दिवे मांडत; पाणी घालायच्या झारीसारखा पत्र्याचा डबा, लांब चोच, आणि चोचीतून बाहेर आलेली जाड वात. वारा सुटला की ते विझत, कुणीतरी पळत जाऊन पुन्हा पेटवी. इथून जाणारी विमानं लढायला जात होती, आणि त्यांतली काही परत आली नाहीत. पाच-सात वर्षांनी याच पट्टीवरून खुशालीची पत्रं आणि मनिऑर्डरी जायला लागल्या. युद्धासाठी घातलेल्या खर्चातून देशाला मिळालेल्या फार थोड्या उपयोगी गोष्टींपैकी ही एक, असं माझं मत आहे.

आता 30 जानेवारी 1949. गांधीजींना जाऊन आज बरोबर एक वर्ष झालंय, आणि याच दिवशी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू होते. ही हौस रफी अहमद किडवई यांची. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते दळणवळणमंत्री. स्वतंत्र देशाचं टपाल एका रात्रीत कोपऱ्याकोपऱ्यात गेलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

समोर कोण, तर जेआरडी टाटा. 1932 मध्ये कराचीहून मुंबईला स्वतः विमान चालवत टपाल आणणारा माणूस. हवाई टपालाचं महत्त्व त्यांना सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी जाहीर विरोध केला. रात्रीच्या उड्डाणांना लागणारे दिवे, रेडिओची साधनं देशात पुरेशी नाहीत, आणि धंद्याच्या हिशेबातही हे बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मंत्री आणि उद्योगपती यांच्यातला हा वाद वर्तमानपत्रांच्या पानांवर रंगला. किडवई हटले नाहीत. टाटांनी नाही म्हटलं तर दुसऱ्यांना, म्हणून काम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे गेलं. ती कंपनी काही महिन्यांतच बसली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशनने सेवा पुन्हा उभी केली. 1950 मध्ये सबंध विमानधंद्याची तपासणी करायला सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्षांची समिती नेमली, आणि 1 ऑगस्ट 1953 ला देशातल्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झालं. रात्रीचं टपाल तेव्हापासून सरकारी विमानांतून जायला लागलं.

कोण बरोबर होतं? पैशांच्या बाबतीत टाटा. हे काम घेणारी पहिली कंपनी त्यात वर्षही न टिकता बुडाली, यापेक्षा वेगळा पुरावा नको. पण किडवईंनी टाटांचं ऐकलं असतं, तर गिरगावच्या त्या पत्राला आणखी काही वर्षं रेल्वेच्या डब्यातच झोपावं लागलं असतं. मला विचाराल तर मी किडवईंच्या बाजूने उभा राहीन, पण टाटांचा इशारा विसरणार नाही, कारण आता आपण ज्या रात्री चाललोय तिथे तो आठवावाच लागतो.

12 डिसेंबर 1953. तुम्ही त्याच जागी उभे आहात. याच वर्षी प्रवाशांसाठी नवी इमारत झालीय. उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचा स्टॉल, विमानं बघायला सज्जाही. अदलाबदल संपलीय. मद्रासचं विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळतं, इंजिनं पूर्ण जोराने फिरतात, आणि तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ते उचलतं. काही क्षणांतच ते खाली येतं. दहा प्रवासी आणि चारपैकी तीन कर्मचारी जागीच गेले. वैमानिक तेवढा वाचला. मेलेल्यांत कानपूरचे खासदार, कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री होते. दुसऱ्या रात्री टपाल घेऊन विमानं पुन्हा आली. ते धाडस होतं की निर्ढावलेपण, हे ठरवायला मी तुमच्यावर सोडतो. सकाळी दारात पत्र घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं, एवढं खरं.

1956 च्या ऑक्टोबरात दिवसा या. नागपूर अजून जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी आहे, पण थोड्याच दिवसांसाठी; 1 नोव्हेंबरला राज्यांची फेररचना होणार आणि राजधानी जाणार. 11 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपुरात उतरतात. तब्येत खालावलेली आहे, सोबत पत्नी माईसाहेब आणि सहायक नानकचंद रत्तू आहेत. तीन दिवसांनी, 14 तारखेला, दीक्षाभूमीवर लाखो माणसं त्यांच्यामागे बुद्धाला शरण जाणार आहेत. या विमानतळाला 2005 मध्ये बाबासाहेबांचं नाव मिळालं ते या नात्यामुळे.

पुढची वर्षं भराभर सरकवा. डकोटांच्या जागी मोठी विमानं येतात. साठच्या दशकात कॅरावेल, सत्तरीच्या तोंडावर बोइंग 737. जेट विमान मुंबईहून दिल्लीला दोन तासांत जातं, संध्याकाळच्या फेरीत टपाल पोटात घालून. मध्ये नागपूरला उतरून, थैल्या बदलून, पुन्हा उडायचं कारण काय उरलं? 1973 च्या ऑक्टोबरात, पश्चिम आशियात युद्ध पेटून तेलाचे भाव उसळत असताना, रात्रीची टपालसेवा बंद झाली. चोवीस वर्षं चाललेली शेकोटी विझली.

आणि आता एक गंमत बघा. त्याच वर्षीच्या 17 एप्रिलला, अमेरिकेतल्या मेम्फिस विमानतळावर, फेडरल एक्स्प्रेस नावाच्या कंपनीची पहिली रात्र होती. हाही विमानतळ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या कामाला जुंपलेला होता. कंपनीचा मालक फ्रेड स्मिथ, व्हिएतनामहून परतलेला मरीन. चौदा छोटी फाल्कन जेट, 25 शहरं, आणि पहिल्या रात्री सगळी मिळून 186 पाकिटं. पद्धत तीच: सगळ्या गावांचा माल रात्री मधल्या एका जागी आणायचा, तिथे बदलायचा, उजाडायच्या आत परत पाठवायचा. जगभरच्या मालवाहतुकीचा चेहरा या पद्धतीने बदलला. पुढे एका मुलाखतीत स्मिथ यांनी ही कल्पना काही आपल्याला प्रथम सुचली नाही असं सांगताना, आधी ती वापरणाऱ्यांत भारतीय टपाल खात्याचंही नाव घेतलं होतं. म्हणजे अमेरिकेत ज्या वर्षी हे दुकान उघडलं, त्याच वर्षी आपण आपलं बंद केलं. नागपूरकराला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारून म्हणेल, "घ्या! आमचं असंच असते."

पण हळहळून थांबण्यात अर्थ नाही. 2009 च्या नोव्हेंबरात या.

धावपट्टी आता तीन हजार मीटरहून लांब आहे. तिच्या कडेला हवाई दलाची जागा अजूनही आहे. अगडबंब आयएल-76, ज्यांना दलाने 'गजराज' म्हटलं, ती इथून उडत असत. आज रात्री मात्र मालवाहू एअरबस ए310 उतरतायत. कॅप्टन गोपीनाथ, एकेकाळचे लष्करी अधिकारी, एअर डेक्कनवाले, यांनी डेक्कन 360 नावाची मालवाहतूक कंपनी काढलीय, आणि तिचं केंद्र नागपूर. देशभरातली विमानं रात्री इथे येणार, पाकिटं बदलणार, पहाटे परत. तुम्हाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. हमालांच्या जागी लोड उचलणारी यंत्रं, कंदिलाच्या जागी बारकोडचा लाल किरण. दीड-दोन वर्षांत, 2011 मध्ये, ही विमानंही उडायची थांबली.

इथे मला माझं म्हणणं मांडायचंय, कारण यानंतर नागपुरात जे चाललंय त्याची किल्ली या दोन रात्रींच्या फरकात आहे. 1950 मध्ये नागपूर मध्यावर होतं आणि 2009 मध्येही होतं. पंखे सुधारले, दिवे आले, धावपट्टी लांबली. तरी पहिली सेवा चोवीस वर्षं चालली आणि दुसरी दोनही नाही. कारण 1950 मध्ये सगळ्या थैल्यांचा धनी एकच होता. देशातलं प्रत्येक पत्र टपाल खात्याच्या हातून जाई, त्यामुळे चारही विमानांना रोज भरपूर आणि हमखास माल मिळे. 1953 पासून तर तोटा झाला तरी तो सरकारचा. गोपीनाथांना तोच माल कुरियरवाल्यांशी, प्रवासी विमानांच्या पोटातल्या रिकाम्या जागेशी आणि महामार्गावरच्या ट्रकांशी झगडून मिळवावा लागला. विमान रोज उडतंच, माल मात्र रोज मिळेलच असं नाही.

नकाशावरच्या मध्यबिंदूला आपण फार किंमत देतो. झिरो माइलचा दगड शहरात आहे, त्यामुळे ही सवय आमच्या रक्तातच आहे म्हणा ना. याच विमानतळाला जोडून आखलेल्या मिहान प्रकल्पाचं लांबलचक इंग्रजी नाव सुरूच होतं ते आंतरराष्ट्रीय कार्गो हबच्या घोषणेने. त्यासाठी 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, आणि चार हजार हेक्टरांहून जास्त जागेचा आराखडा आखला गेला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. मोबदला आणि पुनर्वसन यांसाठी शिवणगावच्या लोकांनी काढलेले मोर्चे नागपूरकरांना सांगायला नकोत. सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, बोइंगने बांधून दिलेलं एअर इंडियाचं देखभाल केंद्र आलं, फाल्कन जेटचे सुटे भाग करणारा कारखाना आला. फेडरल एक्स्प्रेसच्या त्या पहिल्या रात्रीची विमानंही फाल्कनच होती, पण हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही शोधू नका. विमानतळ खाजगी कंपनीला चालवायला द्यायचा की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयात 2024 मध्ये कुठे संपली. 2018 मध्ये इथून शारजाला जिवंत शेळ्या-मेंढ्या विमानाने पाठवायचं ठरलं होतं. विरोध झाला आणि तो बेतही रद्द झाला.

आणि शेजारीच, शिवमडक्याला, समृद्धी महामार्ग सुरू होतो. 701 किलोमीटर, मुंबई आठ तासांत. संध्याकाळी भरलेला ट्रक पहाटे मुंबईजवळ पोचतो, म्हणजे किडवईंच्या डकोटाने पत्र ज्या वेळेला पोचवलं त्याच सुमाराला, आणि किती तरी स्वस्तात. संत्री घ्या, कापूस घ्या, विदर्भातला बहुतेक माल असा आहे की त्याला विमानाचं भाडं परवडत नाही. आता मला सांगा, रात्री सोनेगावला उतरणाऱ्या मालवाहू विमानाच्या पोटात भरायचं काय?

याचं उत्तर असू शकतं. औषधं, यंत्रांचे महागडे भाग, ऑनलाइन बाजाराची पाकिटं, यांचा रोजचा खात्रीचा ओघ एका ठिकाणी बांधून आणला तर नागपूरची रात्र पुन्हा जागी होईल. पण तो ओघ आधी, धावपट्टी मागून. आपण वीस वर्षं नेमकं उलटं करत आलो: जमीन घेतली, नाव ठेवलं, फलक लावला, आणि माल आपोआप येईल म्हणून बसलो. किडवईंनी नवं काही बांधलं नव्हतं. सैन्याने सोडलेली पट्टी होती तशी घेतली, आणि पहिल्या रात्रीपासून देशभरची पत्रं तिच्यावर आणून ओतली.

मिहानचे पुढचे आराखडे करणाऱ्यांनी 1949 ते 1973 च्या रात्रींचा हिशेब बाहेर काढावा: किती थैल्या, किती टन, कुठला दिवस जड, कुठला हलका, उशीर कशाने होई. कागद टपाल खात्यात आणि विमान कंपनीच्या जुन्या दप्तरात सापडतील तेवढे सापडोत. बाकीचं माणसांकडे आहे. अजनी, सोमलवाडा, जयताळा, खामला भागात तुमच्या ओळखीत कुणी आजोबा असतील, रात्रपाळीला सोनेगावला थैल्या उचललेले, टपालाची यादी वाचलेले किंवा बिनतारीवर बसलेले, तर त्यांच्याशी बोला आणि लिहून घ्या. सेवा बंद झाली तेव्हा विशीत असलेला पोरगाही आज सत्तरी ओलांडून गेलाय.